सगळं नुसतं तोंडानं

लॅबमधल्या प्लास्टिकच्या पुतळ्याला आम्ही आबा म्हणतो. आबा खोकतात, आबांची नाडी लागते, आबा मरतात, मॅडमनी बटण दाबलं की परत जगतात. फक्त सामान वाया जातं म्हणून मॅडमचा नियम असा: करू नका, बोलून दाखवा. "हात धुतले. पडदा ओढला. अ‍ॅलर्जी विचारली, नाही म्हणाले." नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझ्याइतकं फाडफाड कोणी म्हणत नाही. पैकीच्या पैकी मार्क!

मग वॉर्ड. तिथल्या सिस्टर म्हणजे जमदग्नीचा अवतार.

"हाच का टॉपर? एक पेशंट नीट केलास तर इथे राहशील. नाहीतर सहा महिने परत पुतळ्याकडे."

आणि मी घरी सगळ्यांना सांगून बसलेलो, आता खरे पेशंट!

खिडकीजवळचे काका नुकतेच दाखल झालेले. त्यांना अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं होतं. ट्रे घेऊन मी ताठ मानेनं गेलो.

"हात धुतले," मी म्हणालो.

काकांनी माझ्या हातांकडे बघितलं. "कधी?"

"पडदा ओढला."

पडदा जागचा हललेला नाही. काका बायकोला म्हणाले, "अगं, हा कोणाशी बोलतोय?"

"अ‍ॅलर्जी विचारली, नाही म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"तुम्ही, काका."

"मी तोंड तरी उघडलं का? बरं, सुईसुद्धा अशीच टोच बाबा. तू टोचली म्हण, मी आई गं म्हणतो."

शेजारच्या कॉटवरचे आजोबा खोकला येईपर्यंत हसले. माझे कान तापले. वैताग नुसता! मॅडमचा, आबांचा, माझ्या स्वतःच्या तोंडाचा. सिस्टर मागे हाताची घडी घालून उभ्या.

बेसिनवर जाऊन साबणानं खरे हात धुतले. पडदा ओढला, तो अर्ध्यात अडकला. अडकणारच.

"काका, कुठल्या औषधाचा त्रास झालाय का कधी?" विचारलं आणि सवयीनं लगेच सिरिंज उचलली. आबांचं उत्तर कायम नाहीच असतं.

"अहो, दाताच्या वेळी नाही का," काकू म्हणाल्या, "तोंडाचा भोपळा झाला होता. श्वास घेता येईना."

"ते दाताचं होतं गं. इथे कशाला सांगायचं?"

काकूंनी गोळीचं नाव सांगितलं. माझ्या हातातलं औषध त्याच जातीचं होतं.

मी सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली. "सिस्टर, हे देता येणार नाही."

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला, औषध बदललं. मग माझ्याकडे वळल्या. "विचारलंस, बरं केलंस. पण उत्तराआधी सुई उचललीस, तेही बघितलंय मी."

"म्हणजे परत लॅब?"

"राहू द्या हो पोराला," काका मध्येच म्हणाले. "गुणी आहे. फक्त माझ्याकडे नको, त्या आजोबांकडे द्या."

"ठीक," सिस्टर म्हणाल्या. "आजोबांना हाच प्रश्न विचार. त्यांचं सांगून होईपर्यंत जागचं हलायचं नाही. हललास की लॅब."

विचारलं. आजोबा उठून बसले, पाठीशी उशी घेतली. "त्याचं काय झालं, लहानपणी मला गोवर आला..."

चहा येऊन गेला. आजोबांचं अजून लग्न व्हायचं होतं. माझे पाय भरून आले.

सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये."

मी नुसती मान हलवली. मध्ये बोललो असतो तर आजोबांनी परत गोवरापासून सुरू केलं असतं.