कोलमवर पाय

दुर्धर आजाराला तोंड द्यायचं बळ माणसाला वाडवडिलांकडून मिळतं. असं माझे सगळे नातेवाईक फोनवर सांगतात आणि लगेच फोन ठेवतात. वाडवडिलांपैकी माझ्याकडे शिल्लक आहे ती एक आजी, चंद्रमती, वय नव्वदीच्या पुढे. लहानपणापासून तिच्याकडून मला जे काही मिळालं त्याला बळ म्हणणं जरा धाडसाचं होईल.

मला पार्किन्सन्स आहे. हाताच्या थरथरीचं मी फार मनावर घेत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो. फळ्यावर बाजाराचा आलेख काढताना हात थरथरला तर तो अचूकच वाटतो. भीती आहे ती पायांची. चालता चालता ते जमिनीला चिकटतात. गेल्या महिन्यात जुन्या बस स्टँडसमोर रस्ता ओलांडताना चिकटले. टाउन बस हॉर्न वाजवत आली. मी पायांना सांगत होतो, चला, चला. दुसऱ्या कुणाचे पाय असावेत तसे ते उभे. बस अगदी छातीशी येऊन थांबली. इंजिनाची धग शर्टातून आत लागली. ड्रायव्हर जे म्हणाला ते तमिळमध्ये होतं आणि तमिळमध्येच राहिलेलं बरं.

त्यानंतर मी घराबाहेर पडलो नव्हतो. शेवटी कॉलेजनं कळवलं, या शुक्रवारी रुजू झालात तर ठीक, नाहीतर तुमचे वर्ग दुसऱ्याला देऊ.

शुक्रवारी रिक्षा दारात आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यापर्यंत पोचलो, आणि पाय चिकटले.

"सार, येताय ना?" रिक्षावाल्या सुब्रमण्यमनं विचारलं.

"हा काय, येतोय." हे मी आधीही म्हणालो होतो.

माझी बायको विनुता मागून कुजबुजली, "हात धरू का?"

"नको." धरला असता तर तो घामानं थबथबलाय हे तिला कळलं असतं. समोर फक्त अंगण आणि रिक्षा होती, पण मला ती बसच दिसत होती. त्याहून वाईट म्हणजे पुढची वर्षं दिसत होती: मी असाच इथे उभा आहे, आणि घरातले माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालताहेत.

एवढ्यात आजी मागच्या दारानं वळसा घालून अंगणात आली. हातात तांदळाच्या पिठाची वाटी. कामवाली नागलक्ष्मी आली नव्हती, म्हणून आधीच तापलेली.

"शुक्रवार, आणि दारात कोलम नाही!" कोलम म्हणजे आमच्याकडची रांगोळी. "आणि तू काय खांब आहेस? सरक."

"सरकताच येत नाहीये, आजी."

"अय्यो! मग राहा तसाच. मला कामं आहेत."

ती वाकली आणि माझ्या पावलांसमोरच पीठ सोडू लागली. शुक्रवारच्या कोलमात लांब, सरळ, आडव्या रेघा असतात. एकीपुढे एक काढत ती पार रिक्षापर्यंत गेली. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. या नजरेला माझे वडील निवृत्त झाल्यावरही घाबरत.

"आता जायचं तर जा. पण सेतू, कोलमवर पाय पडला तर बघ."

काय बघायचं ते तिनं सांगितलं नाही. तिला ते कधीच सांगावं लागलेलं नाही.

माझा उजवा पाय उचलला गेला. रेघेपलीकडे पडला. मागून डावा आला. छातीत धडधड तेवढीच होती, पण आता ती बसची नव्हती, पिठाची होती. पुढची रेघ. त्याच्या पुढची. पीठ जराही न विस्कटता मी रिक्षात जाऊन बसलो.

सुब्रमण्यमनं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या काय वाजवतोस?" आजी म्हणाली. "गाडी काढ."

मी त्या दिवशी तास घेतला. संध्याकाळी नातेवाइकांचे फोन आले; त्यांत बळ, वारसा आणि रक्त हे शब्द बरेचदा आले. मीही ते अमान्य केले नाहीत.

पुढच्या आठवड्यात हे सगळं फिजिओथेरपिस्टला आजीचं कौतुक करत सांगितलं. ती म्हणाली, यात आजींचं विशेष काही नाही. डोळ्यांसमोर आडवी रेघ आली की अशा पेशंटचे पाय बऱ्याचदा उचलले जातात. रेघ कसलीही चालते.

आता आमच्या दारात पिवळी चिकटपट्टी लावलेली आहे.