हिरवी पट्टी

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर बाण नेऊन स्टुडिओवाल्या प्रसेनजितने विचारले,

“आबा, हा तुमचा आवाज. लावू बाकीच्यांच्या ओळीत?”

ग्यानबाने बायकोकडे पाहिले. वच्छला भाकरीचे गाठोडे मांडीवर घेऊन स्टुडिओच्या दाराशी बसली होती. गाण्यात आपला आवाज आहे, हे त्याने तिला इंझोरीहून अनसिंगला येईतो तीनदा सांगितले होते.

देवमनच्या गायन पार्टीत ग्यानबा चाळीस वर्षे कोरस धरत होता. देवमनची ओळ संपली की बाकीचे तिघे ‘जी हो जी’ म्हणत. त्यांचे संपत आले की ग्यानबाचे सुरू होई. देवमनने त्यापायी त्याला गावोगाव बोलणी घातली होती. स्वतः देवमन मात्र, आपण दम न लागता पाच कडवी गातो, असे मंचावरून सांगत असे. यंदाच्या बुद्धजयंतीला पार्टीचे पहिले रेकॉर्ड केलेले गाणे वाजायचे होते.

“लाव,” देवमन म्हणाला. “मशीन तरी याले वेळ शिकवीन.”

“म्या त बराबरच म्हनतो,” ग्यानबा पुटपुटला. “तुमी सारे घाई करता.”

मागे पडलेला आवाज पुढच्यांसोबत नेऊन बसवणारे प्लगइन प्रसेनजितने लावले आणि गाणे वाजवले. चौघांचा कोरस एका गळ्यातून निघाल्यासारखा आला. वच्छलाने डोक्यावरचा पदर कानामागे सारून सगळे गाणे ऐकले.

“तुमी कोठी हा यात?”

ग्यानबाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“आन् हे काय फुसफुसून राह्यलं?” देवमनने विचारले. प्रत्येक ओळीनंतर लोहाराचा भाता ओढल्यासारखे काहीतरी ऐकू येत होते.

प्रसेनजित पडद्याकडेच पाहत राहिला. “मामा, तो तुमचा दम हाय. आबाच्या आवाजाखाली दबून जात होता.”

मग श्वास काढून टाकणारे प्लगइनही लावून झाले. त्याने भाता नेला, पण जाताना देवमनच्या ओळींचे पहिले अक्षरही नेले. वच्छलाने पदर तोंडाला लावला.

देवमनने तांब्या उचलला, सावकाश पाणी प्याला.

“हिरवी होती तिथं नेऊन ठेव.”

“पन मामा, ते उशिरा...”

“ठेव म्हनलं ना.”

गाणे पुन्हा वाजले. सगळ्यांचे संपत आले तेव्हा एक ‘जी हो जी’ निवांत चालत आले. वच्छलाने मान डोलावली.

बाहेर ऑटो भरला. ग्यानबा अजून पायरीवर बसून दुसरी चप्पल घालत होता. ऑटोवाल्याने गाडी सुरू केली, तसा देवमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“थांब जरा. मानूस येऊन राह्यला.”