चंद्रभानच्या डोक्यातली कणी

मित्रांनो, मी तांदळाच्या कणीएवढी आहे, पण आज माझा राग कोठीत मावायचा नाही! मेंदूला हलकी वीज देणारं यंत्र आहे मी. बंगळूरच्या कारखान्यात घडले आणि नागपूरच्या डॉक्टरांनी कवटीला बारीकसं छिद्र पाडून मला पवनीच्या चंद्रभान विणकराच्या डोक्यात बसवलं. मला तार नाही, बॅटरी नाही. डोक्यावरच्या टोपीतून वीज आली, तरच मी कामाला लागते. चंद्रभान मला लाडाने कणीच म्हणतो.

आधी त्याचा उजवा हात इतका थरथरायचा, की त्याची बायको कुसुमताई त्याला घास भरवायच्या. मी आले आणि हात थांबला. तो पुन्हा मागावर बसला, रेशमाची तुटलेली टोकं जोडू लागला. गल्लीत माझं कोण कौतुक! त्या कौतुकानेच घात केला बघा.

खांडेनवमी आली. त्या दिवशी विणकराच्या घरी माग बंद असतो, अवजारांची पूजा होते. कुसुमताईंनी मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशेजारी पाटावर माझी टोपीही मांडली.

"अवो, मले लागते ते," चंद्रभान म्हणाला.

"एक दिवस अवजाराले आराम नको काय? तुमचा हात तिच्यानंच चालते ना जी?"

टोपीला ओलं हळदकुंकू फासलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. थेंबभर पाणी लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेव्हा दोघांनीही मुंडी हलवली होती! शेजारच्या रत्नाबाई हात जोडून म्हणाल्या, "देवच हाय बाई हे!"

अहो, कसला देव? मी आत निपचित पडलेली आणि चंद्रभानचा हात थरथरू लागलेला. पाहुण्यांसमोर चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. कुसुमताई कप धरायला धावल्या.

"सोड!" तो ओरडला. "माझा हात काढून पाटावर ठेवला, अन् त्यालेच नमस्कार करून राहिले तुम्ही!"

त्याने टोपी ओढून डोक्यावर घातली. पण आत पाणी शिरलेलं; ती चालू झाली की लागणारा बारीक दिवा लागलाच नाही.

"मले काय मालूम होतं जी!" म्हणत कुसुमताई रडू लागल्या.

टोपी आता नागपूरला दुरुस्तीला गेली आहे. मी धडधाकट असून रिकामी बसले आहे. कुसुमताई पुन्हा घास भरवतात आणि चंद्रभान भिंतीकडे बघत गिळतो. मित्रांनो, यंत्राला नमस्कार नका करू, त्याला कोरडं ठेवा. आणि ते ज्याचं आहे, त्याला विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावू नका!