लायसन ओढ्यापर्यंतच

१९३४ साली लोणावळ्याच्या वेशीवरच्या ओढ्यापर्यंत विजेचे खांब आले. ओढ्याअलीकडे धाकट्या जावेचं, नंदाबाईचं घर. तिथे दिवा लागला. पलीकडे थोरल्या विठाबाईकडे चिमणीच राहिली.

विठाबाई तडक वीज कंपनीच्या कचेरीत गेली. कारकून म्हणाला, "मावशी, सरकारने आम्हाला लायसन दिलंय ते ओढ्यापर्यंतच. पुढे एक खांबसुद्धा रोवता येत नाही."

"पर थोरली मी हाये. आदी तिला कसा दिवा?"

कारकून हसला, तशी ती चिडून निघाली.

महिनाभर ती जावेकडे फिरकली नाही. समोरचा उजेड दिसू नये म्हणून तिने खिडकीला घोंगडी लावली. शेवटी नंदाबाईच आली. "आक्का, लेकीच्या लग्नाचे तांदूळ निवडायचेत. तुमच्याबिगर कोण हाये मला?"

नाही म्हणता येईना. विठाबाई रात्री गेली, दिव्याकडे न बघता मान खाली घालून बसली. पण सुपातला बारीकातला बारीक खडाही तिला लख्ख दिसत होता. कित्येक वर्षांत डोळ्यांना असं दिसलं नव्हतं.

तिला रडू कोसळलं. "लय जळले गं मी तुज्यावर," ती म्हणाली. "अजून बी जळतेच हाये."

आणि तिने दुसरं सूप पुढे ओढलं.