परात, तूप आणि नौफाचा कप

मी अरब मुलखातल्या करक गावातली एक जुनी तांब्याची परात आहे, मित्रांनो. लग्न असो, मयत असो, माझ्यावर भाताचा ढीग, त्यावर मेंढीचं मटण आणि दह्याचा आंबट रस्सा घालतात. शेवटी वितळलेलं तूप ओततात. जितकं तूप ओघळेल, तितकी यजमानाची इज्जत. मला घासताना बायकांची नखं झिजतात. खरं सांगते, मी वैतागले आहे.

माझा मालक अबू हायेल. गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ छातीत कळ येऊन गेला. मग थोरली बहीण नौफा हिने अबू हायेलला रक्त तपासायला पाठवलं. उपाशीपोटी जायचं होतं. हा पठ्ठ्या वाटीभर तूप पिऊन गेला. का, तर तूप म्हणजे औषध, ते काही खाणं नव्हे! पुन्हा खरोखर उपाशी पाठवला, तरी कोलेस्टेरॉल वाढलेलंच निघालं. गोळ्या मिळाल्या, त्या फडताळात धूळ खात पडल्या.

त्याने बैठकीत चौकशी केली, तर बहुतेकांचं तेच. झालं, सगळे खूश! ज्या एकाचं बरोबर होतं, त्यालाच लोक तब्येत विचारू लागले. घरोघरी मातीच्या चुली हे खरं, पण म्हणून घराला आग लागू द्यायची का?

परवा नौफा आली. मी भरून मधोमध ठेवलेली. तिला कॉफी दिली, तर तिने कप न पिता जमिनीवर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने असा कप ठेवला की त्याचं काही मागणं असतं, आणि ते पुरवलं नाही तर यजमानाची लाज जाते.

"पी ग ताई, मागशील ते दिलं," अबू हायेल ऐटीत म्हणाला.

"मग रोज गोळी घे. आजची माझ्यासमोर."

"अगं, इथं सगळ्यांचंच वाढलंय."

"कबरस्तानातही सगळेच आहेत. एक भाऊ पुरलाय मी. दुसरा पुरायची ताकद नाही माझ्यात."

शब्द तर देऊन बसला होता. त्याने मुकाट्याने गोळी गिळली, तेव्हा कुठे नौफाने कॉफी प्यायली. मला भरून आलं. तेवढ्यात हा सवयीने म्हणाला, "आता तूप आणा."

नौफाने कप पुन्हा भरून घेतला आणि पुन्हा जमिनीवर ठेवला.

मित्रांनो, माझी चरबी राख-लिंबाने निघते, तुमच्या शिरांतली तशी घासता येत नाही. तुमच्यासाठी कुणी असा कप ठेवला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्या दिवशी माझ्यावर तूप पडलं नाही. अबू हायेलची इज्जत मात्र जागच्या जागी होती, आणि अबू हायेलही.