शेवटच्याने फाटक लावायचे

कॅल्डरशॉ पायपीट मंडळाच्या घटनेत कलमे पुष्कळ होती, पण खरा कायदा घटनेत नव्हता. तो असा, की जो तोंड उघडेल त्याच्याच गळ्यात काम पडेल. एका गृहस्थाने एकदा वार्षिक सभेत चहा कोमट असल्याची तक्रार केली. तेव्हापासून मरेपर्यंत मंडळाचा चहा तोच करत होता. त्याच्या अंत्यविधीनंतरचा चहाही कोमट होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मंडळ दर महिन्याला एका रविवारी डोंगरमाळावर दिवसभर चालायचे. सगळ्यांच्या पुढे चालायचा तो म्होरक्या, आणि सगळ्यांच्या मागे, पिवळे जाकीट घालून आणि गळ्यात शिट्टी अडकवून चालायची ती शेपटी. शेपटीच्या मागे कोणी राहता कामा नये, आणि शेपटी नजरेस पडल्याखेरीज म्होरक्याने कोणत्याही फाटकापासून हलता कामा नये. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या की माणसे हरवत नाहीत, असा मंडळाचा अनुभव होता. म्होरक्या होता रोलंड अ‍ॅस्क्यू. शेपटी होती थेल्मा ऑग्डेन.

थेल्माचा जन्म एका दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या टेबलामागे गेला होता. "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य तिने अर्ध्या कॅल्डरशॉला सांगितले होते, आणि अर्ध्या कॅल्डरशॉने, दुखून झाल्यावरसुद्धा, तिला नाताळात शुभेच्छा पाठवल्या होत्या. आवाजच तसा होता.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मात्र ती सकाळपासून रोलंडवर नजर ठेवून होती. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती तिने कोणालाही सांगितली नव्हती.

कोणतीही वाट मंडळाला दाखवण्याआधी म्होरक्या ती एकदा चालून बघतो. हॅगशॉ माळाची ही वाट रोलंड आणि थेल्मा महिन्यापूर्वी चालून आले होते. लख्ख ऊन होते. जुन्या दगडखाणीच्या वरच्या अंगाला रोलंड एकदम थांबला, मागे वळून बघू लागला आणि म्हणाला, "मार्जरी कुठे राहिली?"

मार्जरी ही रोलंडची बायको. थेल्माच्या आधी शेपटी तीच होती. तिला पुरून चार हिवाळे झाले होते. अंत्यविधीच्या दिवशीची सँडविचेस थेल्मानेच कापली होती.

"ती पुढे गेली," थेल्मा म्हणाली. दुसरे काही सुचले नाही. रोलंडचा चेहरा उजळला आणि तो झपाझप पुढे निघाला.

हे मंडळात सांगावे, तर रोलंडचे म्होरकेपद जाणार. त्या माणसाच्या घरात बूट आणि भिंतीवरचा हवामापक, याखेरीज जीव लावावा असे काही उरले नव्हते. शिवाय सांगणारीच्या गळ्यात ते पद पडणार. या दोहोंपैकी आपल्याला जास्त काय बोचते आहे, हे थेल्माने खोलात जाऊन पाहिले नाही.

"हवा काय म्हणते, रोलंड?" चर्चच्या आवारात गाडीतून उतरत डोरीन हॉइलने विचारले. डोरीनच्या पिशवीत नेहमी आल्याचा केक असे, त्यामुळे तिचे गुडघे दुखत असूनही मंडळ तिला सोडत नसे.

"उघडेल," रोलंड म्हणाला. लाल लोकरीची टोपी, ताठ पाठ. बघणाऱ्याला वाटावे, याच्याबरोबर थेट उत्तर ध्रुवावर जावे.

"तू उघडेल म्हणतोस. माझा गुडघा नाही म्हणतो."

"तुझ्या गुडघ्याला समितीत घ्यायला हवं होतं, डोरीन."

सगळे हसले. सचिव सेड्रिक पिकप सगळ्यांत शेवटी हसला, कारण तो आधी बाकीच्यांचे बहुमत बघायचा.

गावाबाहेरच्या शेवटच्या कुसाजवळ लोखंडी फाटक आहे. त्याच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या आहेत. ते लावायचे तर गुडघ्याने वर उचलायचे, दगडावरून खरडत आणायचे आणि साखळी एका वाकड्या खिळ्यात अडकवायची. आपोआप ते मेले तरी लागत नाही. एकदा उघडे राहिले तेव्हा मेंढ्या थेट पोस्टापर्यंत गेल्या होत्या. त्यावर शेतकऱ्याने मंडळाला लिहिलेले पत्र सेड्रिकने सभेत वाचून दाखवले, ते मधले बरेच शब्द गाळून. तेव्हापासून नियम पक्का: शेवटच्याने फाटक लावायचे. थेल्माने ते गुडघ्याने उचलले, खरडले, साखळी टाकली. खण्ण. वर माळ दिसत होता तेवढा दिसत होता. त्याच्या पलीकडे कोणीतरी ओले घोंगडे टाकल्यासारखे धुके बसले होते.

अर्ध्या तासात ते घोंगडे सगळ्यांवर आले.

पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसू लागली. गप्पा आधी हळू झाल्या आणि मग थांबल्या. थेल्माच्या लक्षात आले, की वारा डाव्या गालाला लागतो आहे. महिन्यापूर्वी याच वाटेवर आणि याच दिशेचा वारा उजव्या गालाला लागला होता.

मंडळातल्या प्रत्येकाच्या छातीवर प्लॅस्टिकच्या पाकिटात नकाशा लटकत होता. धुक्यातून ती बघत होती: एकेक जण नकाशा उचली, बघे, आणि दुसऱ्याचे पत्र चुकून उघडल्यासारखा चेहरा करून परत खाली सोडी. मग पुढच्याच्या पाठीमागे चालू लागे. म्हणजे सगळ्यांना कळले होते.

सेड्रिक मागे रेंगाळला आणि बुटापाशी वाकला.

"नाडी सुटली का रे?"

"नाही." तो वाकलेलाच होता. "थेल्मा, आपण उतरतोय असं तुला वाटतं?"

"तुला वाटतं?"

"मी सचिव आहे. मला काही वाटत नाही." तो उठला. "मी आपलं विचारलं हो."

"मग जाऊन सांग ना त्याला."

"मी? छे बाई. म्होरक्याच्या कामात ढवळाढवळ नको. आणि गुरुवारी माझा ब्रिजचा डाव असतो, शनिवारी नातवंडं." एवढे बोलून तो धुक्यात नाहीसा झाला. वाट चुकल्याचे कळलेला माणूस एवढ्या लगबगीने चुकीच्याच वाटेने गेलेला थेल्माने पूर्वी पाहिला नव्हता.

पायाखालचे गवत संपले. आता फुटक्या दगडांचे ढीग लागत होते, आणि असे ढीग या माळावर एकाच ठिकाणी आहेत. खाण बंद पडून जमाना झाला. कडेचे कुंपण आडवे झाले आहे, आणि दर हिवाळ्यात एखादी मेंढी तिथून खाली जाते.

पुढून रोलंडचा आवाज आला. चांगला खणखणीत, आनंदी.

"चला, चला! ती बघा किती पुढे गेली!"

"कोण?" डोरीनने विचारले, आणि विचारल्याबरोबर तिने जीभ चावली.

"मार्जरी गं! पाय मोकळे झालेत आज तिचे."

ओळीतल्या निम्म्यांनी मार्जरीच्या शवपेटीवर मूठ मूठ माती टाकली होती. पण "कोण?" विचारणे वेगळे आणि "ती मेली आहे" हे सांगणे वेगळे. सांगणाऱ्याला पुढे चालावे लागले असते. म्हणून सगळे मागे चालत राहिले, एकामागून एक, मुकाट, नीट ओळीत. एकाने तर मागच्याला ठेच लागू नये म्हणून दगडही दाखवला.

कोणाच्या तरी बुटाखालून एक खडा निसटला. तो टक् टक् करत उतरत गेला आणि मग टक् थांबले. काहीच ऐकू येईना. बऱ्याच वेळाने, फार खालून, पाण्याचा डुबुक असा आवाज आला.

तो सगळ्यांनी ऐकला. एक जण खाकरला. ओळ चालतच राहिली.

थेल्माने शिट्टी तोंडात घातली. एरवी ती फक्त नववर्षाच्या पार्टीत वाजत असे. तिने ती अशी फुंकली, की माळावरच्या सगळ्या मेंढ्या ओरडल्या.

ओळ जागच्या जागी थिजली. इतकी चटकन, की सगळे जण मघापासून याचीच वाट बघत होते हे उघड झाले.

"थांबा," थेल्मा म्हणाली. "आपण खाणीच्या तोंडाशी आहोत. वाट चुकलीय. रोलंडला... रोलंडला आता वाट कळत नाही."

धुक्यात एक सामुदायिक सुस्कारा ऐकू आला.

"म्हणजे थेल्मा," सेड्रिकचा आवाज आला, "यापुढे तू..."

"हो. मी."

"सर्वानुमते," सेड्रिक म्हणाला.

पण शिट्टीला ओळ थांबली होती, रोलंड नाही. लाल टोपी पुढे हलताना दिसत होती. तिच्या पलीकडे नुसते पांढरे होते.

"रोलंड!"

"अगं, ती थांबतच नाही!" त्याने वळूनही पाहिले नाही. "हाका मारतोय कधीचा." आणखी एक पाऊल. दगड घसरल्याचा आवाज झाला आणि टोपी खचकन खाली गेली. पुन्हा वर आली. धावत जाऊन धरावे, तर तो दचकून पुढेच जायचा. ओरडून सांगावे, तर त्याला मार्जरीखेरीज काही ऐकू येत नव्हते. थेल्माला आठवले, की ती पुढे गेली हे त्याला सांगणारी आपणच.

तिने आवाज खाली आणला. दवाखान्यातला आवाज.

"रोलंड, मार्जरी पुढे नाही रे. मागे आहे. आज शेपटी तीच आहे ना."

टोपी थांबली.

"मागे?"

"सगळ्यांच्या मागे. नेहमीसारखी. तू थांबायचं असतं तिच्यासाठी."

हे मात्र रोलंडच्या हाडात भिनलेले होते. शेपटी दिसल्याखेरीज म्होरक्या हलत नाही. तो उभा राहिला, हळूच वळला, आणि दगडांवरून चालत परत त्यांच्यापाशी आला. थेल्माने त्याचा दंड घट्ट धरला.

"आधी सांगायचं ना, बाई," तो म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने विचारले, "मग मी कुणाच्या मागे चाललो होतो?"

तो आला त्या बाजूला कोणी पाहिले नाही.

थेल्माने पिवळे जाकीट उतरवून पुढे धरले. "शेपटी कोण होणार?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"तिला नाही लागत ते," रोलंड म्हणाला. "मार्जरीनं कधी घातलंय ते जाकीट? भडक वाटतं म्हणायची."

"कोणाची हरकत?" सेड्रिकने सवयीने विचारले. कोणी बोलले नाही. "हरकत नाही," तो म्हणाला. जाकीट पिशवीत गेले.

वारा उजव्या गालावर घेऊन थेल्मा निघाली. हातात होकायंत्र, काखेत रोलंडचा दंड. बाकीचे मागून येत होते, आता जरा गप्पाही मारत होते. डोरीनने केक वाटला. चढ लागला, गवत लागले, आणि शेवटी हाताला ओल्या दगडांचे कुसू लागले. ते धरून उतरले की फाटक.

थेल्माने साखळी काढली, फाटक ओढून उघडले, आणि रोलंडला घेऊन पार होऊन ती बाजूला उभी राहिली. सगळे तिच्या पुढ्यातून पार झाले. सेड्रिक झाला, बाकीचे झाले, सगळ्यांत शेवटी गुडघा चोळत डोरीन झाली. आणखी कोणी नव्हते. खालून गावातला दिवा पुसटसा दिसू लागला तशी सगळ्यांनीच पावले उचलली, आणि थेल्माही रोलंडला घेऊन भराभर सगळ्यांच्या पुढे झाली.

बऱ्याच खाली आल्यावर तिला आठवले.

"डोरीन, फाटक लावलंस ना गं?"

"मी? मी कशाला लावू? मी कुठे शेपटी होते?"

"अगं, शेवटी तूच आलीस ना!"

"शेवटची नव्हते मी. शेपटी मार्जरी, असं तुम्हीच ठरवलंत मघाशी वर. हरकत नाही म्हणून."

थेल्मा परत वर जाण्यासाठी वळली. तेवढ्यात धुक्यातून लोखंड दगडावर खरडल्याचा आवाज आला. कोणीतरी गुडघ्याने उचलून आणावे तसा, अडत अडत. मग साखळी. खण्ण.

कोणी हलले नाही. डोरीनच्या तोंडात केक तसाच राहिला. सेड्रिकने खिशातून पेन काढले, त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवले.

"बघ," रोलंड समाधानाने म्हणाला. "विसरत नाही ती." आणि तो तिथेच, वाटेत, वर तोंड करून थांबला. "येऊ दे तिला. दिसल्याशिवाय हलायचं नाही."

सगळ्यांनी थेल्माकडे पाहिले. म्होरक्या आता ती होती. थांबायचे काम तिचे होते.

"येईल ती सावकाश," थेल्मा त्या आवाजात म्हणाली. "आपण निघू." तिने रोलंडला दंडाला धरून उतरणीकडे वळवले. मंडळाच्या इतिहासात शेपटीसाठी न थांबता म्होरक्या पहिल्यांदाच पुढे गेला होता, आणि मंडळ त्याच्या मागोमाग, मान न वळवता, चांगले झपझप चालले होते. हरकत कोणीच घेतली नाही. जो घेईल, त्याला मागे जाऊन बघून यावे लागले असते.