थांब्यावरचा बदाम

रोपाच्या बुंध्याशी तिने टाचेने माती घट्ट दाबली, वर जुना पालापाचोळा पसरला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. नवं दिसत होतं. कितीही केलं तरी मेलं नवंच दिसत होतं.

“उंची तरी तेवढीच आहे ना?” तिने विचारलं.

“अगं, तुझे बाबा ऑपरेशन करून येताहेत, मोजपट्टी घेऊन नाही,” नवरा म्हणाला. “आणि एका बदामाने काय जग थंड होणारे? तिकडे जंगलंच्या जंगलं साफ होतायत. रोप गेलं, सांगून टाक सरळ.”

“मग तुम्हीच सांगा.”

नवऱ्याने फावडं तिच्या हातात दिलं आणि तो बाबांना आणायला गेला.

जन्मभर बस चालवलेल्या बाबांनी निवृत्त झाल्यावर घरासमोरच्या बसथांब्यावर, आईच्या मोठ्या बदामाशेजारी, हे रोप लावलं होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न तोच: पाणी घातलंस? ती रोज हो म्हणत गेली. नोकरी, घर आणि दवाखाना यांत तिची नुसती ससेहोलपट चालली होती. एका उन्हाळ्यात रोपाची काडी झाली. त्यांच्या मनाला लागेल असं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

रिक्षा घराशी थांबायला हवी होती. बाबांनी ती थांब्यावरच थांबवली.

नवऱ्याचा हात धरून ते उतरले, रोपापाशी आले. एक पान बोटांत धरून बघितलं. मग काठीच्या टोकाने बुंध्याजवळची माती उकरायला लागले. मातीतून काळ्या प्लास्टिकचं टोक वर आलं.

“रोपाची पिशवी अख्खी काढायची असते,” बाबा म्हणाले. “मुळं गुदमरतात.”

तिला रडूच फुटलं. “बाबा, मी रोज खोटं बोलले हो. मला वेळच…”

“रडतेस काय वेडाबाई?” त्यांनी काठीने शेजारचा मोठा बदाम दाखवला. त्याच्या सावलीत माणसं बसची वाट बघत उभी होती. “हा तुझ्या आईने लावलेला नाहीच. तिचा वाळला. ती आजारी, दिवसभर खिडकीतून त्याच्याकडेच बघायची. तिला तपासायला नेलं, त्या दिवशी मी माणूस लावून दुसरा बसवला. शेवटपर्यंत कळलं नाही तिला.”

तिने समोर घराच्या खिडकीकडे बघितलं. तिथेच ती आईचे केस विंचरत होती, तेव्हा आई म्हणाली होती, “झाड बदललंय तुझ्या बाबांनी. आधीच्याला खाली फाटा होता. त्यांना बोलू नकोस हं.” आणि किती दिवसांनी हसली होती.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. “कळलं नव्हतं ना गं तिला?”

“छे,” ती म्हणाली. “अजिबात नाही.”

मग तिने पदराने डोळे पुसले, खाली बसली आणि रोपाला धक्का लागणार नाही अशा बेताने पिशवी सोडवायला लागली.